झील कोण धरतो? मराठी गाण्यातली दोस्ती आणि भाऊपण

(पाचाड इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या या रस्त्यावर काय चालतं, ते तुम्हाला सांगायची गरज नाही. सहा जूनला गडावर राज्याभिषेकाचा सोहळा असतो. आदल्या दिवसापासून महाडच्या बाजूने मोटारसायकली येत राहतात, एकेका गाडीवर दोघं, कधी तिघं. कुणाच्या खांद्यावर भगवा, कुणाच्या पाठीवर स्पीकर. पोरं जिजाऊंच्या समाधीपाशी थांबतात, चहा घेतात, फोटो काढतात आणि गडाकडे निघतात. या सगळ्या वेळात गाणं चालूच असतं.

आम्ही काही वर्षं ती गाणी नीट ऐकतो आहोत. गाणी ऐकणारे बहुतेक सगळे पुरुष, सगळे कुणा ना कुणा मित्राबरोबर आलेले. मित्र नसता तर यातले निम्मे घरातून निघालेच नसते. पण वाजणाऱ्या गाण्यांत मित्र फारसा सापडत नाही. राजा असतो, मावळा असतो, 'भाऊ' असतो, एखादी प्रेयसी असते. शेजारी बसलेला, पेट्रोलचे पैसे अर्धे भरणारा, घाटात गाडी बंद पडली की ढकलणारा, त्याच्याविषयी गाणं काय म्हणतं? आजच्या बोलण्याचा विषय एवढाच आहे. मराठी लोकप्रिय गाण्यात पुरुषांची मैत्री कुठे आहे, आणि जिथे आहे तिथे ती कशी ऐकू येते?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद घालायला बरं पडेल. आमच्या मते आपल्या गाण्यांच्या शब्दांत मैत्री बहुतेक वेळा उभी असते: एक वर, एक खाली; एक धनी, एक निष्ठावान. आणि आपल्या गाण्यांच्या बांधणीत, म्हणजे ते कोण उचलतो, कोण धरतो, कोणाचा दम संपल्यावर कोण पुढे नेतो यात, मैत्री आडवी असते, बरोबरीची असते. शब्दांकडे बघून आपण फसतो. ऐकायची असते ती झील.

आधी शब्द बघू

मराठीत मित्राला शब्द भरपूर आहेत. मित्र, दोस्त, सोबती, सवंगडी, गडी, जोडीदार, यार. आणि आता सगळ्यांच्या तोंडी 'भावा'. हा 'भावा' गंमतीचा शब्द आहे. वीस वर्षांची दोन पोरं एकमेकांना भावा म्हणतात, तेव्हा त्यांना सख्ख्या भावाची आठवण होत नसते. झाली तर कदाचित ती म्हणणारच नाहीत. कारण आपल्या भाषेत भाऊ या शब्दामागून भाऊबंदकी येते. सातबारा येतो, बांध येतो, कोर्टाची तारीख येते. खाडिलकरांनी १९०९ मध्ये पेशवाईवर नाटक लिहिलं, त्याचं नावच 'भाऊबंदकी'. वेगळं सांगायची गरज पडली नाही, नाव वाचूनच लोकांना कळलं. म्हणजे ज्या नात्यात सगळ्यात जास्त भांडणं, तेच नाव आपण मैत्रीला देतो. का? आम्हाला वाटतं, की सख्ख्या भावाकडून जे मिळायला हवं होतं आणि वाटणीत हरवलं, ते 'भावा' म्हणणारा मित्राकडे मागत असतो.

जगात दुसरीकडेही असंच आहे. जॉर्जिया नावाचा कॉकेशस डोंगरातला छोटा देश आहे. तिथे जिवलग मित्राला 'ज्माकात्सी' म्हणतात: ज्मा म्हणजे भाऊ, कात्सी म्हणजे माणूस. भाऊ-माणूस. तिथे सुप्रा नावाची मेजवानी असते. तिचा एक प्रमुख असतो, त्याला तमादा म्हणतात. तो एकेका विषयावर बोलून पेला उंचावतो: गेलेल्यांसाठी, देशासाठी, मित्रांसाठी. मध्ये गाणं होतं, आणि त्यांचं परंपरागत गाणं तीन वेगवेगळ्या आवाजांचं असतं. २००१ मध्ये युनेस्कोने या गाण्याचा मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरव केला. आपल्या मुद्द्याची गोष्ट अशी, की ते गाणं एकट्याने म्हणता येत नाही. तिघांपैकी एक उठून गेला तर गाणं लंगडं होतं. शब्द कोणतेही असोत, गाण्याची बांधणीच सांगते की मला दुसरा माणूस लागतो.

मग आपल्याकडे असं काही नाही का? आहे की. पण त्यासाठी पोवाड्यापासून सुरुवात करायला हवी.

उमरठचा माणूस आणि पाचाडची आई

इथून पोलादपूर तालुक्यातलं उमरठ काही लांब नाही. तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सिंहगडाची लढाई १६७० ची. तिच्यावरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहात आहे, आणि पुढचं सगळं, म्हणजे कादंबऱ्या, नाटकं, शाळेतले धडे, सिनेमे, या ना त्या वाटेने त्या पोवाड्याच्या ओसरीवर येऊनच बसतं.

त्याची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. मुलाच्या, रायबाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन तानाजी राजांकडे जातो. तिथे कळतं की कोंढाणा घ्यायचा आहे. लग्न बाजूला राहतं. गड मिळतो, तानाजी पडतो.

पोवाड्याची सुरुवात कुठून होते ते बघा. लढाईपासून नाही, आमंत्रणापासून होते. लग्नाची अक्षत घेऊन माणूस कुणाच्या दारात स्वतः जातो? धन्याच्या दारात जाईल, पण तिथे तो नजराणा घेऊन जाईल. अक्षत घेऊन हक्काने जातो तो आपल्या माणसाकडे. म्हणजे शाहिराला आधी हे पक्कं करायचं आहे, की ही दोन माणसं एकमेकांच्या घरच्या कार्याला जाणारी आहेत. तेवढं केल्यावरच तो तलवारीकडे वळतो.

आणि दुसरी गोष्ट. या पोवाड्यात गड मागणारी जिजाऊ आहे. सोंगट्यांच्या डावात ती राजांना हरवते आणि कोंढाणा मागते. पुढे तीच तानाजीला ओवाळते आणि लेकाच्या जागी मानते. हे इतिहासात असंच घडलं का, हा प्रश्न इतिहासकारांकडे सोपवू. आम्ही पोवाड्याबद्दल बोलतो आहोत. पोवाड्याला ठाऊक आहे, की राजा आणि सरदार यांच्यात बरोबरी होऊ शकत नाही. एक हुकूम देणार, दुसरा मरणार. त्या दोघांना भाऊ करायचं तर मध्ये आई हवी. तिने एकाच ओवाळणीत दोघांना घेतलं की ते भाऊ होतात. १७ जून १६७४ ला, राज्याभिषेकानंतर जेमतेम अकरा दिवसांनी, ती आई इथे पाचाडात गेली. समाधीपाशी थांबणाऱ्या पोरांना तानाजी आणि राजे भाऊ वाटतात, यामागे त्या ओवाळणीचा मोठा हात आहे.

पण नीट पाहिलं तर हे भाऊपण महाग आहे. ते मिळतं मरणाच्या बोलीवर. पोवाड्यात मित्राचं मोल तो पडल्यावर ठरतं. राजा रडतो, पण तो मेलेल्या मित्रासाठी. जिवंत मित्राला राजाने काय म्हटलं, याला पोवाड्यात फारशी जागा नाही. आमची तक्रार तुळशीदासाशी नाही. त्याचं काम वीराची कीर्ती सांगणं होतं आणि ते त्याने केलं. तक्रार अशी, की पुढच्या साडेतीनशे वर्षांत आपण पुरुषांच्या मैत्रीचा हाच एक साचा धरून ठेवला. दोस्त म्हणजे जीव देणारा. पण आपल्यापैकी किती जणांना मित्रासाठी जीव द्यायची वेळ येते? मित्रासोबत दवाखान्यात रात्रभर बाकड्यावर बसायची वेळ मात्र सगळ्यांना येते.

झील

आता त्याच पोवाड्याकडे दुसऱ्या बाजूने बघू. शाहीर डफ घेऊन उभा आहे. त्याच्या मागे दोघं-तिघं आहेत, कुणाकडे तुणतुणं, कुणाकडे झांज. शाहीर ओळ फेकतो, चढत जातो, श्वास संपतो. तिथे मागचे 'जी जी जी' करून सूर धरतात. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, गर्दीकडे बघतो. ते मागचे म्हणजे झीलकरी.

त्या 'जी'चा अर्थ काय? शब्दकोशातला अर्थ होकाराचा, आदराचा. पण रंगमंचावर त्याचा अर्थ असा: तू दम घे, आम्ही धरलंय. पोवाड्याच्या शब्दांत एक वर आणि एक खाली असेल, पोवाड्याच्या म्हणण्यात मात्र शाहीर झीलकऱ्यावाचून एक चौक पुरा करू शकत नाही. पोवाडा तानाजीच्या मैत्रीचं वर्णन करतो, ते आपण ऐकतो. आणि आपल्या डोळ्यांदेखत तिघं माणसं ती करून दाखवतात, तिकडे आपलं लक्ष नसतं.

हे आपल्या भागात सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जाखडीत. महाड, पोलादपूर, माणगाव, खाली रत्नागिरीपर्यंत गौरी-गणपतीत नाच होतो. कुणी बाल्या नाच म्हणतं, कुणी शक्ती-तुरा. मध्ये गाणारे आणि ढोलकी-झांजवाले बसतात, भोवती पायात चाळ बांधून पोरं गोल फिरतात. गण होतो, गवळण होते, मग शक्तीवाले आणि तुरेवाले एकमेकांना सवाल टाकतात. सवालात एकमेकांचा असा उद्धार होतो, की नवख्या माणसाला वाटावं आता हाणामारी होणार. आणि नाच संपल्यावर तेच दोन शाहीर एका बाकड्यावर चहा पितात.

हा नाच नुसता गावात वाढला नाही. तो मुंबईत, गिरणगावातल्या खोल्यांमध्ये वाढला. दहा बाय बाराच्या खोलीत गावचे पंधरा-वीस गडी, निम्मे दिवसपाळीला, निम्मे रातपाळीला. एकाच वळकटीवर एक उठला की दुसरा झोपणार. बायका-पोरं गावाला. त्या खोलीत सुट्टीच्या रात्री गाणी बांधली, तालीम केली, आणि गणपतीला लालपरीने ती गाणी गावात आली. या पुरुषांनी एकमेकांना 'तू माझा मित्र आहेस' असं कधी म्हटलं असेल, असं आम्हाला वाटत नाही. तशी रीतच नव्हती. पण रोज रात्री दुसऱ्याचा सूर धरायला शिकल्यावर ते म्हणायची गरजही कमी होते.

आमच्या ओळखीचे एक शाहीर आहेत. नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांचा एक झीलकरी होता, तीस वर्षांचा जोडीदार. एके वर्षी पावसाच्या तोंडाला तो गेला. त्या गणपतीत शाहीर उभे राहिले, गण म्हणाले, पहिला चौक चढवला आणि सवयीने थांबले. मागून काहीच आलं नाही. नवीन पोरगा होता, तो बावरला होता. मांडवात शांतता झाली. मग समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी बेसूरच 'जी' धरला, मग दुसऱ्याने, मग सगळ्या मांडवाने. शाहिरांनी पुढची ओळ घेतली. त्यांच्या जोडीदाराचा दहावा, तेरावा सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. पण आम्हाला विचाराल तर गावाने त्या माणसाचा शोक केला तो त्या रात्री, त्या बेसूर 'जी'मध्ये.

पेंद्या ते लंगड्या

आता सिनेमाकडे येऊ. लोकप्रिय गाणं म्हटलं की आज ते सिनेमाचंच.

पण त्याआधी गवळणीतल्या पेंद्याची ओळख करून घेऊ. कृष्णाचा सवंगडी, पायाने अधू, लोकांनी हसावं असा. तमाशाच्या गवळणीत तो विनोदाला असतो, संतांच्या रचनांत तो काल्याला असतो. काला म्हणजे प्रत्येकाने आपली शिदोरी आणायची, एकत्र कालवायची, आणि कुणाचं काय हे विसरून खायचं. इथे देव आणि लंगडा पोरगा एकाच पानात जेवतात. पोवाड्यातल्या मैत्रीत मरण लागतं, काल्यातल्या मैत्रीत फक्त भाकरी लागते. आपल्या परंपरेत बरोबरीच्या मैत्रीचं चित्र नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला पेंद्या दाखवावा.

हा पेंद्या २०१६ मध्ये परत आला. नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये परश्याचे दोन मित्र आहेत: लंगड्या आणि सल्या. एक पायाने अधू, दुसरा मुसलमान. परश्या खालच्या मानलेल्या जातीचा. गाव ज्यांना काठावर ठेवतं, ते तिघं एकत्र आहेत. चिठ्ठी पोचवणं, पहारा देणं, मार खाणं, सगळं हे दोघं करतात. वरवर बघता ते नायकाच्या प्रेमकथेतले मदतनीस, म्हणजे पुन्हा उभी मैत्री. पण अजय-अतुल या सख्ख्या भावांनी केलेल्या गाण्यांच्या जागा बघा. सिनेमात चार गाणी आहेत आणि चारही पूर्वार्धात. उत्तरार्धात एकही नाही. त्यावर बरंच लिहून आलं: स्वप्न संपलं, वास्तव सुरू झालं वगैरे. ते खरंच आहे. आम्ही त्यात एक गोष्ट जोडू. गाणी थांबतात तेव्हाच मित्रही मागे राहतात. परश्या आणि आर्ची हैदराबादला जातात. तिथे नोकरी मिळते, खोली मिळते, मूल होतं. पण झील धरणारं कुणी नाही. आमच्या मते म्हणूनही तिथे गाणं होऊ शकत नाही. चार गाण्यांपैकी एकाच्या नावातच तो जुना 'जी' आहे: 'सैराट झालं जी'. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते सोडा, कानाला ती झीलच लागते.

बाकीच्या दोन सिनेमांबद्दल थोडक्यात. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. चार पुरुषांना पुण्यात एकत्र राहायचं आहे आणि खोली मिळत नाही, तेव्हा दोघांना साडी नेसून बायको व्हावं लागतं. आपण पस्तीस वर्षं हसतो आहोत, आणि हसण्यासारखंच आहे. पण गिरणगावातली खोली आठवून बघा. पुरुषांनी एकत्र राहणं ही जिथे रोजची गोष्ट होती, तिथून आपण अशा शहरात आलो, की ते पटवण्यासाठी सोंग घ्यावं लागतं. आणि २०१३ चा 'दुनियादारी', सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा. मैत्रीचा सिनेमा म्हणून तो डोक्यावर घेतला गेला. कट्टा, टोळी, शपथा, मारामाऱ्या. पण लोकांच्या ओठांवर राहिलं ते 'टिक टिक वाजते', म्हणजे प्रेमगीत. मैत्रीने गर्दी जमवली, गाणं मात्र प्रेमाने नेलं. ही त्या एका सिनेमाची चूक नाही. पुरुषाने पुरुषाबद्दल हळुवार गावं अशी चालच आपल्याकडे तयार नाही. एकतर शपथ असते, नाहीतर विनोद.

एकाचे शब्द, दुसऱ्याचा आवाज

तयार झाली होती, एकदा. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णा भाऊ वाटेगावचे, मातंग समाजातले. अमर शेख बार्शीचे, मुसलमान. तिघांच्या गाण्यांत शब्द येतो तो 'मित्र' नाही, 'कामगार', 'भाई', 'साथी' असा येतो. पण पद्धत बघा. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड अमर शेखांच्या आवाजात मैदानं गाजवत होती. एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या गळ्यातून येत होतं. आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडी द्यायचे आणि त्याने ते आपले म्हणून गायचे, याहून मोठा विश्वास आम्हाला माहीत नाही. मैना गावाला राहिलेल्या माणसाचं ते दुःख मुंबईतल्या प्रत्येक चाकरमान्याचं होतं, आणि ते दुःख मैदानात हजारो पुरुष एकत्र ऐकत होते. बायकोच्या आठवणीने एकमेकांदेखत डोळे पुसायची मुभा त्या गाण्याने दिली. १९६९ मध्ये १८ जुलैला अण्णा भाऊ गेले आणि २९ ऑगस्टला अमर शेख. दीड महिना मध्ये.

आता महाडची गोष्ट. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. बाबासाहेबांवर आणि त्या दिवसावर गाणी अगणित आहेत, आणि ती फार मोलाची आहेत. लिहिता-वाचता न येणाऱ्या घरांत इतिहास गेला तो भीमगीतांतून. वामनदादा कर्डकांसारख्यांनी ते काम आयुष्यभर केलं. पण त्या परिषदेमागे मैत्रीही होत्या. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे, त्यांच्याबरोबर काम करणारे अनंत विनायक चित्रे, महाड नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस. डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. जातीच्या या बाजूचे आणि त्या बाजूचे पुरुष एकत्र राबले, आणि काहींना त्यासाठी आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागला. यांच्या मैत्रीचं गाणं आमच्या कानावर आलेलं नाही. संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता आहे. ती पाठ होते, फलकावर लागते. पण ती दोन माणसांमध्ये कशी दिसते, हे दाखवणारी गोष्ट आपल्या पंचवीस किलोमीटरवर घडली आणि शाहिराने तिला हात घातला नाही. पाचाडला येणाऱ्या पोरांना तानाजी ठाऊक असतात, ते असायलाच हवेत. मोरे आणि चित्रेही ठाऊक असावेत असं आम्हाला वाटतं. तिथे कुणाला गडावरून पडावं लागलं नाही. शेजारी उभं राहावं लागलं.

आजचं 'भाऊ'

आता परत मोटारसायकलवर. गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवी जात तयार झाली आहे: भाऊच्या वाढदिवसाचं गाणं. फ्लेक्सवर ज्याचा फोटो मोठा, त्याच्या नावाचं गाणं. गावोगावी स्टुडिओ आहेत, आठवड्यात ट्रॅक तयार होतो. या गाण्यातला भाऊ म्हणजे पुन्हा धनी. बाकीचे सगळे त्याच्या जिवावर, त्याच्या इशाऱ्यावर. पोवाड्याची उभी मैत्री इथे आहे, पण पोवाड्यातली अक्षत नाही, ओवाळणी नाही आणि झील तर नाहीच. 'भावा' हा शब्द बरोबरीच्या भुकेतून आला आणि गाण्यात शिरताच वरच्या पायरीवर जाऊन बसला.

त्या पोरांना नावं ठेवणं सोपं आहे, ते आम्ही करणार नाही. एमआयडीसीत बारा तास काम करून आलेल्या पोराला स्पीकरच्या भिंतीसमोर दहा मित्रांच्या खांद्यावर हात टाकून नाचावंसं वाटतं, त्यात काय चुकलं? तो खांद्यावरचा हात खरा आहे. आमचं भांडण आवाजाशीही नाही. आमचं म्हणणं एवढंच, की तयार ट्रॅकवर नाचताना कुणाचा दम संपत नाही, म्हणून कुणाला कुणाचा सूर धरावा लागत नाही. दहा जण एकत्र असतात आणि दहाही जण एकटे नाचू शकतात.

त्या शाहिरांना एका पोराने मोबाईलवर कोरस भरून दिला. ते वापरतात, वय झालं आहे. आम्ही विचारलं, कसं वाटतं? म्हणाले, "चुकत नाही हो कधी. पण मी दमलो ते त्याला कळत नाही."

प्रश्नोत्तरांतून

एका ताईंनी विचारलं, की सगळं पुरुषांचंच बोललात, बायकांच्या मैत्रीचं काय? प्रश्न बरोबर आहे. बायकांना जात्यावरच्या ओवीत आणि गौरीच्या फेरात एकमेकींशी थेट बोलायची जागा होती. सासरचं, माहेरचं, दुखणं, सगळं त्यात यायचं. समोरची ओढायची, दुसरी गायची. म्हणजे झील त्यांच्याकडे कामातच होती. पुरुषांना तशी रोजची जागा नव्हती, म्हणून आजचा विषय त्यांच्यापुरता घेतला.

मागून एका तरुणाने विचारलं, मग आम्ही करायचं काय, डीजे बंद करू? बंद करा असं सांगायला आम्ही आलो नाही. एक करून बघा. यंदा गणपतीत रात्रभर काय वाजवायचं ते वाजवा, पण एक गाणं ट्रॅकशिवाय म्हणा. ढोलकी मिळाली तर ठीक, नाहीतर पातेलं चालेल. एकाने उचलायचं, दुसऱ्याने धरायचं. पहिल्यांदा बेसूर होईल, पोरं हसतील. जमलं तर मोरे-चित्र्यांवर एक चौक बांधा, आम्ही ऐकायला येऊ. आणि म्हणताना एवढंच लक्ष ठेवा, की पुढच्याचा श्वास कुठे तुटतो.